पालथी घातलेली भांडी : एका पूरकथेतील भीतीच्या चित्रणाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीतील विश्रामबाग भागात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहा-बारा जण एकत्र जमतात आणि आपले अप्रकाशित लेखन एकमेकांना वाचून दाखवतात. या मंडळाचे संयोजन माझ्याकडे आहे. पुढे मांडलेले प्रकरण मंडळातील एका लेखिकेच्या दीर्घकथेचे आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत. लेखिकेने, तसेच ज्यांच्या अनुभवाचा पुढे वारंवार उल्लेख येतो त्या ज्येष्ठ सदस्येने, हा मजकूर वाचून संमती दिली आहे.

लेखिका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतात. त्यांचे माहेर कृष्णाकाठच्या एका गावात आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्या स्वतः सासरी, पाण्यापासून दूर उंचावरच्या वस्तीत होत्या. माहेरची माणसे मात्र दोन रात्री घराच्या माळ्यावर अडकली होती आणि त्यांचे फोन बंद पडले होते. त्या दोन रात्रींतून ही कथा जन्मली, असे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितले होते. हा तपशील तेव्हा आम्ही सहज ऐकून सोडून दिला. पुढे सगळी चर्चा त्याच्याभोवतीच फिरणार आहे, हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही.

सांगलीच्या पुराचे माप म्हणजे १९२९ साली बांधून झालेला आयर्विन पूल. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २००५ च्या पुरात पाणी सुमारे ५४ फुटांपर्यंत गेले होते, आणि ज्यांनी ते पाहिले त्यांच्या मनात तीच पाण्याची शेवटची हद्द ठरून गेली. अनेक घरांच्या भिंतींवर त्या वर्षीची रेघ आजही दिसते. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. मधल्या या तीन-साडेतीन फुटांत कित्येकांचा अंदाज बुडाला. ज्यांनी २००५ पाहिले नव्हते ते लवकर बाहेर पडले आणि ज्यांनी पाहिले होते ते रेघेकडे बोट दाखवून थांबले, असे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे.

कथेत सहा माणसे आहेत : आबा, त्यांची पत्नी, थोरला मुलगा, सून, दहा वर्षांची नात आणि शेजारचे एकटे राहणारे काका. गोठ्यात दोन म्हशी आहेत. दोन रात्री आणि मधला एक दिवस एवढाच कथेचा काळ आहे.

अडचण

पहिल्या खर्ड्यात रात्री एक वाजता घरात पाणी शिरते आणि त्या क्षणापासून सगळे किंचाळू लागतात. माळ्यावर चढताना एकमेकांना ढकलतात. आबा म्हशींच्या नावाने हंबरडा फोडतात, सून बेशुद्ध पडते, आणि शेवटी माणसे न्यायला गुळाची काहील येते तेव्हा थोरला मुलगा शेजारच्या काकांना पाण्यात लोटून त्यांची जागा घेतो. ऊस गाळून रस आटवायची ही पसरट लोखंडी काहील पुरात आमच्याकडे नावेसारखी वापरली जाते, त्यामुळे तो तपशील अस्सल होता. भाषाही ओघवती होती. तरीही वाचन सुरू असताना मला काहीतरी खटकत राहिले, म्हणून मी पेन्सिलीने खुणा करत गेलो, तेव्हा पहिल्या सहा पानांत ‘भीती’ हा शब्द आणि त्याचे सख्खे-चुलत भाऊ २४ ठिकाणी आलेले आढळले. इतक्या वेळा सांगूनही मला भीती वाटली नव्हती.

वाचन संपल्यावर नदीच्या बाजूला राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या एका सदस्येने हळू आवाजात म्हटले, “बाई, आमच्याकडं कुणी ओरडलं नाही हो. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा मी भांडी घासत होते. घासली, पुसली, फळीवर पालथी घातली. मग आम्ही वर गेलो.”

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका सदस्यांनी सांगितले की, त्या आठवड्यात ओळखीच्या माणसांचे फोन दिवसरात्र येत आणि प्रत्येक जण एकच विचारी, “आयर्विनला किती झालं?” काही जण तर पाणी स्वतःच्या अंगणात आलेले असतानाही पुलावरचा आकडा विचारत होते.

लेखिका दुखावल्या. त्यांचे म्हणणे असे की, भांडी घासणारी बाई कागदावर आणली तर वाचकाला पुराची भयानकता कशी कळणार. शिवाय ज्या दिवाळी अंकाकडे कथा पाठवायची होती त्याच्या संपादकांनी थरार हवा असल्याचे स्पष्ट कळवले होते. हा आक्षेप फेटाळण्यासारखा नव्हता. जगण्या-मरण्याच्या कथेत भीती पोहोचली नाही तर कथाच उरत नाही. तेव्हा भीती दाखवायची की नाही, हा प्रश्न नव्हता. पाण्यात असलेल्या माणसाची भीती वागण्यात कोणत्या रूपाने उतरते, हे आम्हाला शोधायचे होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता कथा आहे तशी ठेवून फक्त विशेषणे छाटण्याचा. तो सर्वांत सोपा होता आणि अंकाची मुदत पाळता आली असती; पण माणसांचे वागणेच खोटे वाटत असेल तर शब्द कमी केल्याने ते खरे होत नाही. दुसरा पर्याय कथा सोडून अनुभवकथन लिहिण्याचा होता. तो लेखिकेने लगेच नाकारला, कारण त्या स्वतः पाण्यात नव्हत्या आणि दुसऱ्याचा अनुभव स्वतःचा म्हणून सांगणे त्यांना पटणारे नव्हते. तिसरा पर्याय एका तरुण सदस्याने सुचवला : कथा नाव नसलेल्या बेटावर न्यावी, म्हणजे सांगलीकरांच्या आठवणीशी ताडून पाहण्याचा प्रश्नच उरणार नाही. यावर थोडी चर्चा झाली, पण रेघ, काहील आणि गोठा गेल्यावर या कथेत काय राहते, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. चौथा पर्याय घटना त्याच ठेवून प्रत्येक पात्राची भीती नव्याने शोधण्याचा होता. यात कथा जवळजवळ पुन्हा लिहावी लागणार होती.

निवड करण्यापूर्वी आम्ही एक पूर्ण बैठक वाचनाला दिली, आणि आज मागे पाहताना तोच आमचा सर्वांत चांगला निर्णय वाटतो. डॅनिएल डिफो यांच्या १७१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रॉबिन्सन क्रूसो’मधील पावलाच्या ठशाचा प्रसंग वाचला. वर्षानुवर्षे बेटावर एकट्याने राहिलेल्या क्रूसोला वाळूत एकच ठसा दिसतो. कोणी हल्ला करत नाही, कोणी समोरही येत नाही. तरी तो घरी पळत येतो, रात्रभर झोपत नाही, आणि नंतर शेळ्यांची कुंपणे मोडून त्यांना रानात सोडावे, पेरलेली शेते खणून काढावीत, म्हणजे येथे माणूस राहतो हे कोणाला कळणार नाही, असे बेत करू लागतो. ज्या कष्टांनी तो जगला तेच कष्ट तो भीतीपोटी पुसायला निघतो. त्याची भीती आपल्याला त्या कुंपणांमधून आणि शेतांमधून कळते.

जॅक लंडन यांची गोठवणाऱ्या थंडीत शेकोटी पेटवण्याची कथाही आम्ही वाचली. तिची १९०२ ची आणि १९०८ ची अशी दोन रूपे आहेत. पहिल्यात माणूस वाचतो, दुसऱ्यात मरतो. दुसऱ्या रूपात तो बराच वेळ शांत असतो, किंबहुना आवश्यक तेवढा घाबरतच नाही, आणि तीच त्याची चूक आहे. शेकोटी विझून हात निकामी झाल्यावर मात्र तो सैरावैरा धावत सुटतो, कारण सोबत्यांचा मुक्काम गाठता येईल अशी एक पुसट आशा अजून शिल्लक असते.

येथे मंडळातील मानसशास्त्राच्या प्राध्यापिकांनी एक मोलाची भर घातली. भीतीने शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते, हे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली सविस्तर मांडले आणि ते आता सर्वांच्या बोलण्यात रुळले आहे. पण जागच्या जागी थिजणे हीदेखील भीतीचीच प्रतिक्रिया आहे, आणि लक्ष एकाच वस्तूवर आकसून बाकीचे दिसेनासे होणे हीसुद्धा. समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारांटेली यांनी १९५४ साली गोंधळून पळण्याच्या वागण्याचा अभ्यास मांडला होता, त्याचा सारांश प्राध्यापिकांनी सांगितला : आपत्तीत माणसे समजली जाते तितक्या सहज सैरभैर होत नाहीत. सुटकेची वाट अजून आहे पण ती मिटत चालली आहे आणि आपल्याला कोणाची मदत नाही, असे वाटते तेव्हाच तो उद्रेक होतो. वाट मुळीच नसेल, किंवा वाट मोकळी असेल, तर माणसे बहुधा पळापळ करत नाहीत.

ते ऐकून लेखिकेने आपला खर्डा पुन्हा उघडला आणि स्वतःच म्हणाल्या, “म्हणजे माझी माणसं चुकीच्या पानावर किंचाळतायत.” माळ्यावर, जेथून कोठेच जाता येत नव्हते, तेथे त्यांनी सर्वाधिक आरडाओरडा घातला होता. थोड्या वेळाने त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. त्या दोन रात्री फोन हातात धरून त्यांनी स्वतः जे सोसले, तेच त्यांनी माळ्यावरच्या माणसांच्या अंगावर चढवले होते. किंचाळावेसे त्यांना वाटत होते. दुरून वाट पाहणाऱ्याची भीती मोठी असते आणि मोकळी असते, कारण त्याच्या हाताला काम नसते. पाण्यात असलेल्याला म्हैस सोडायची असते, पोराला वर चढवायचे असते, काडेपेटी कोरडी ठेवायची असते. जगण्या-मरण्याच्या कितीतरी कथा दुरून वाट पाहणाऱ्याची भीती पाण्यातल्या माणसाला उसनी देतात, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

चौथा पर्याय स्वीकारायचे ठरले.

केलेली कृती

पुनर्लेखनाला सुमारे पाच महिने लागले. दिवाळी अंकाची मुदत अर्थातच हुकली.

पहिला निर्णय रेघेचा होता. आधीच्या खर्ड्यात २००५ ची रेघ एका वाक्यात उरकली होती. नव्या खर्ड्यात ती कथेच्या केंद्रस्थानी आली. घर सोडण्याची विनवणी करणाऱ्या सुनेला आबा सांगतात, “पाचच्या साली हितंपतूर आलं हुतं. ह्येच्या वर न्हाय याचं.” मग ते खुर्ची आणून रेघेसमोर बसतात. पाणी रेघेला टेकते तेव्हा ते काहीच बोलत नाहीत, खिशातला रुमाल काढून रेघ पुसू लागतात, जणू ती नीट दिसली तर पाणी तिचा मान राखील. त्यांना भीती वाटते असे या प्रसंगात कोठेही लिहिलेले नाही. आबांचा हट्ट हा धाडसाचा प्रकार आहे, असे पहिल्या वाचनात वाटते. तो भीतीचाच प्रकार आहे, हे रुमाल निघतो तेव्हा कळते. माझ्या मते सगळ्या कथेत हे पान सर्वांत सरस आहे.

दुसरा निर्णय कामांचा होता. प्रत्येक पात्राला पाणी चढत असताना एक क्षुल्लक काम द्यायचे आणि ते काम त्याच्या भीतीचे नेमके ठिकाण दाखवील असे पाहायचे, असे लेखिकेने ठरवले. थोरला मुलगा सात-बाराचे उतारे आणि सोसायटीची पासबुके प्लास्टिकच्या पिशवीत घालतो, काढतो, पुन्हा घालतो. आजी देव्हाऱ्यातले देव पदरात बांधते आणि मग पाटावर बसवायला जागा नाही म्हणून मांडीवर घेऊन बसते. नात आईला दर पाच मिनिटांनी जिन्याच्या किती पायऱ्या उरल्या ते मोजून सांगते, कारण तिला तेवढेच काम दिलेले असते. आणि सून भांडी घासून पालथी घालते.

म्हशींबाबत मतभेद झाला. दावे कोण सोडणार, हा प्रश्न पुरात अडकलेल्या प्रत्येक शेतकरी घराला पडलेला असतो. जनावरे सोडून जायला नको म्हणून माणसे मागे राहिल्याची उदाहरणे आमच्या भागात सर्वांना माहीत आहेत. लेखिकेला आबांनी दावे सोडावे असे वाटत होते. निवृत्त सदस्यांचे म्हणणे असे की, आबा ते करणार नाहीत, कारण दावे सोडणे म्हणजे पाणी रेघेच्या वर जाणार हे कबूल करणे. शेवटी दावे आजी सोडते, आबांना न विचारता, आणि आबा ते पाहूनही न पाहिल्यासारखे करतात. चाळीस वर्षांच्या संसारात तिने पहिल्यांदाच न विचारता काही केलेले असते, एवढेच वाक्य तेथे आहे.

तिसरा निर्णय काहिलीचा होता आणि तो सर्वांत अवघड गेला. गोंधळाचा उद्रेक होण्यासाठी लागणारी परिस्थिती येथेच होती : काहिलीत चौघांची जागा, अंधार पडायला आलेला, ओढ वाढलेली, आणि बोलावणारा माणूस सांगतो आहे की पुढची खेप बहुधा होणार नाही. लेखिकेने धक्काबुक्कीचा जुना प्रसंग प्रथम येथे आणून बसवला. तर्काने तो बरोबर होता, तरीही एका सदस्याने विचारले, “हा थोरला उद्या त्याच गल्लीत राहणार आहे ना?” बेटावरच्या कथेत ओळखी नसतात, गल्लीतल्या पुरात सगळे एकमेकांचे काका-मावशी असतात, आणि भीती त्या नात्यांच्या भाषेतूनच बोलते. नव्या प्रसंगात थोरला कोणाला ढकलत नाही. तो काकांचा हात धरून त्यांना माळ्याच्या कडेवर बसवतो आणि म्हणतो, “काका, तुम्ही पुढच्या खेपेला या, सावकाश.” पुढची खेप नाही, हे दोघांनाही माहीत आहे. काका “हो हो, तुम्ही व्हा पुढं,” असे म्हणतात. हा प्रसंग वाचून झाल्यावर मला स्वतःला पाणी प्यावेसे वाटले.

याच टप्प्यावर काहील उलटल्याचे दाखवावे का, अशीही चर्चा झाली. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे नेणारी बोट उलटली होती. त्या घरांतली माणसे याच जिल्ह्यात राहतात आणि कथा त्यांच्या हाती पडू शकते. शिवाय काहील उलटली असती तर थोरल्याच्या त्या एका वाक्याचा हिशोब नियतीने परस्पर मिटवला असता आणि त्याला काहीच भोगावे लागले नसते. प्रसंग घ्यायचा नाही, यावर एकमत झाले.

परिणाम

काका वाचतात. दुसऱ्या दिवशी सकाळी जवानांची बोट त्यांना नेते. पाणी उतरल्यावर, गाळ काढून झाल्यावर, ते पूर्वीसारखेच संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात, चहा पितात, आणि त्या संध्याकाळबद्दल चकार शब्द काढत नाहीत. थोरला मात्र ते आले की परड्यात निघून जातो. आबांनी भिंत नव्याने रंगवून घेतलेली असते आणि नवी रेघ मारायला कोणालाच सांगितलेले नसते. कथा तेथे संपते. भीती पाण्याबरोबर ओसरत नाही, हे लेखिकेने शेवटच्या तीन पानांत ज्या संयमाने दाखवले, त्याचे श्रेय सर्वस्वी त्यांचे आहे.

ज्या संपादकांनी थरार मागितला होता त्यांनी पुढच्या वर्षी ही कथा नाकारली. एका लहान त्रैमासिकाने ती स्वीकारली. तिच्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे पूर सोसलेल्या वाचकांची होती आणि तिघांनीही रुमालाचा उल्लेख केला होता. एका शहरी वाचकाने कथा संथ असल्याचे लिहिले. तेही खरे आहे. पहिली आठ पाने घट्ट करायला वाव होता.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या खर्ड्यानंतर लेखिकेला माहेरच्या माणसांशी सविस्तर बोलायला सांगायला हवे होते. आम्ही आधी पुस्तकांकडे वळलो आणि माणसांकडे उशिरा गेलो. लेखिकेने आपल्या भावाला शेवटच्या खर्ड्यापूर्वी प्रथमच विचारले, “त्या रात्री तू काय करत होतास?” तो म्हणाला की टॉर्चचे सेल काढून पुन्हा घालत बसलो होतो. हे कितीतरी आधी कळले असते. तिने विचारले नव्हते, कारण विचारले तर त्याला पुन्हा भीती वाटेल अशी तिला भीती होती.

मानसशास्त्राची चर्चा उपयोगी पडली, पण तिचा एक तोटाही झाला. मधल्या एका खर्ड्यात प्रत्येक पात्र एकेका प्रतिक्रियेचा नमुना झाले होते : हा थिजणारा, ती काम काढणारी, तो नाकारणारा. खरा माणूस तासाभरात हे सगळे असू शकतो. तो खर्डा टाकून द्यावा लागला आणि त्यात सहा आठवडे गेले. अभ्यास प्रसंगाची जागा ठरवायला घ्यावा, पात्र घडवायला घेऊ नये, ही खबरदारी संयोजक म्हणून मी आधीच सुचवायला हवी होती.

सर्वांत मोठी चूकही माझीच होती. भांड्यांचा तपशील त्या ज्येष्ठ सदस्येचा होता. त्यांनी तो बैठकीत सांगितला, लेखिकेने तो सुनेला दिला, आणि कथा छापायला जाईपर्यंत त्यांची परवानगी घ्यावी हे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. त्रैमासिकाचा अंक आल्यावर त्या बैठकीला आल्या, कथा पूर्ण वाचून आल्या होत्या. मी क्षमा मागितली. त्यांनी हाताने थांबवले आणि लेखिकेला म्हणाल्या, “भांडी राहू द्या, भांडी माझीच आहेत. पण तुमची सून पालथी घालताना रडते. मी रडले नव्हते.”

लेखिकेच्या कथासंग्रहाचे काम आता सुरू आहे. त्याच्या मुद्रितातून ते एक वाक्य त्यांनी काढले आहे.